तळहातावरचे ४७५०

१

काटेकाका गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको, आमच्या काकू, माझ्याकडे आल्या. बसा म्हणायच्या आत त्यांनी एक चिटोरा माझ्यापुढे धरला. त्यावर पेन्सिलीने चार आकडे लिहिले होते: ४७५०.

"बाई, हे काय असेल?" त्या म्हणाल्या. "ओळख पटवायला शवागारात नेलं, तेव्हा ह्यांच्या डाव्या तळहातावर होतं. बॉलपेनने लिहिलेलं, भोवती गोल काढलेला. चेहरा बघवेना, म्हणून मी हातच बघत राहिले."

काटेकाका आमच्या कारखान्यात तुळया तपासायचे. पादचारी पुलांच्या लोखंडी तुळया आम्ही बनवतो. बाहेर पाठवण्याआधी तुळई शेडमध्ये दोन टोकांच्या टेकूंवर ठेवायची, वर पन्नास-पन्नास किलोच्या लोखंडी लाद्या रचत जायचं आणि ती मध्यभागी किती वाकते ते मोजायचं. नियम फक्त हा वाक विचारतो. काकांनी मात्र हौसेने दोन्ही टेकूंखाली एकेक वजनकाटा बसवला होता. कुठल्या टेकूवर किती भार आला ते स्वतःच्या समाधानासाठी लिहायचे. म्हणून ते काटेकाका. माझ्याच वयाचे, पण मीही काकाच म्हणायची.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बारा हजार किलो अंगावर घेतलेली तुळई एकदम खाली दबून उसळली. लाद्या घसरल्या आणि काका त्यांच्याखाली सापडले.

"कारखान्याची चौकशी समिती म्हणते, त्यांचाच हलगर्जीपणा," काकू म्हणाल्या. "भारलेल्या तुळईखाली जाऊ नये ही पाटी ह्यांनीच रंगवलेली. हा माणूस घरातसुद्धा शिडीखालून जायचा नाही हो. आता लोक मला बघून गप्प होतात, आणि पाठ वळली की म्हणतात, म्हातारा स्वतःच्या मूर्खपणाने मेला. मला दुसरं काही नको. ते खाली का गेले, एवढं मला कळू द्या."

मी शोधते म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तीस वर्षं त्या माणसाच्या मापांवर माझं पोट भरलं होतं.

माझं काम दुसऱ्यांची गणितं तपासण्याचं. तपासलेल्या पानावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करते, म्हणून माझ्या पाठीमागे मला लाल पेन्सिल म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती अजून कोणाची झालेली नाही. त्याच सकाळी मंगळवारच्या चाचणीचा अहवाल मालकांनी माझ्या सहीसाठी पाठवला होता. सही झाली की त्या मापाच्या सहा तुळया शनिवारी शाळेसमोरच्या रस्त्यावरील पुलावर चढणार होत्या.

काकू गेल्यावर मी अहवालातला तक्ता उघडला. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. हे आकडे काटेकाकांचे नव्हते.

२

काकांचा तक्ता नेहमी रिकाम्या तुळईपासून सुरू व्हायचा. लादी चढण्याआधीच काट्यांवर तुळईचं स्वतःचं वजन दिसतं, ते ते पहिल्या ओळीत लिहायचे. इथे पहिल्या ओळीत शून्य, शून्य होतं. शेवटच्या ओळीत डाव्या टेकूवर सहा हजार आणि उजव्यावर सहा हजार, अगदी वाटून दिल्यासारखे. खऱ्या शेडमध्ये दोन काटे किलोला किलो सारखे आलेले मी जन्मात पाहिले नाहीत. आणि वाक? ३.७, मग ७.३, मग ११, असा ओळीने वाढत २२ मिलिमीटरपर्यंत. काकांच्या मापकावर अर्ध्या मिलिमीटरच्याच रेघा होत्या. त्यावर ३.७ दिसतच नाही. बाविसाला सहाने भागलं की दिसतं.

म्हणजे ज्याने हा तक्ता रचला त्याला पुस्तकातलं गणित येत होतं, पण तो काट्यासमोर कधी उभा राहिला नव्हता.

मी मालकांच्या खोलीत गेले. ते खुर्चीत घाम पुसत होते.

"काकांच्या हातचं मूळ पान कुठे आहे?"

"रक्ताने भरलं होतं हो. फेकलं कुणीतरी. आकडे ऑफिसने टाइप केले."

"ऑफिस म्हणजे कोण?"

"बाई, त्या गोंधळात मी टायपिस्ट बघत बसू?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "सहा हजार किलो चढल्यावर काका म्हणाले, दोन्ही काट्यांची बेरीज कमी येतेय. मी म्हटलं, काका, काटे हा तुमचा शौक, वाक बघा आणि पुढे चला. ते सुट्टीत काटा दुरुस्त करायला गेले असणार, टेकूला धक्का लागला, संपलं. मी तर त्यांना जेवायला चला म्हणत होतो."

मालकांना या तुळया शनिवारी हव्या होत्या, तेव्हा खोटं बोलायला त्यांना कारण होतं. पण मालकांना बेरीज येते, भागाकारासाठी ते माणूस ठेवतात.

त्या माणसाकडे मी मग जिना चढून गेले. या तुळईचं गणित मांडणारा इंजिनिअर म्हणजे माझा भाचा. बहीण गेल्यापासून माझ्याच घरात वाढलेला. तो खिडकीपाशी नकाशांवर वाकला होता. तीन दिवसांत डोळे खोल गेले होते.

"मूळ गणिताची प्रत दे," मी म्हटलं.

"तुझ्याकडे आहे ना मावशी. तूच तर तपासलीस."

"घरी आहे. नकाशा तरी दे."

नकाशावर एक लोखंडी ठोकळा ठेवलेला होता. मी तो बाजूला केला. पेपरवेटला चांगलाच जड होता आणि बोटांना तेल लागलं.

"मंगळवारी सुट्टीत कुठे होतास?"

"कँटीनमध्ये," तो म्हणाला. "सगळेच होते."

मी नकाशा गुंडाळून खाली उतरले. बोटांचं तेल पुसायला रुमाल काढला, तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

३

तुळई शेडमध्ये टेकूंवर सरळ पडून होती, काही झालंच नाही असं दाखवत. लोखंड असंच असतं. भार उतरला की परत सरळ.

मी आधी जमीन पाहिली. काटे दोन टोकांना होते आणि धुऊनही न गेलेला डाग बरोबर मध्ये, दोन्ही काट्यांपासून सहा-सहा मीटर दूर. काटा दुरुस्त करायला गेलेला माणूस सहा मीटर लांब कशाला मरेल?

मध्यभागी तुळईखाली लाकडी ओंडक्यांची चळत असते. तुळई तुटलीच तर तिच्यावर अडकावी म्हणून. चळत आणि तुळई यांच्यामध्ये शंभर मिलिमीटरची फट ठेवायची ही इथली पद्धत. काका रोज सकाळी शंभरचा लाकडी ठोकळा सरकवून ती फट बघायचे. मी मान वाकवून पाहिलं. तुळईच्या पोटावर तळहाताएवढा चौकोनी चट्टा होता, रंग खरवडून धातू चकाकत होता. बरोबर त्याखाली, वरच्या ओंडक्यात, तेवढाच चौकोन लाकडात रुतला होता. त्याची एक कड दुसरीपेक्षा खोल होती.

शेडच्या कोपऱ्यात वेल्डर काम थांबवून माझ्याकडे बघत होता. सुट्टीत तो तिथेच डबा खातो. त्याची पाचावर धारण बसली होती. असं काही झालं की सगळ्यात आधी सांध्याला नाव ठेवतात, आणि सांधे त्याचे.

"तुझे सांधे शाबूत आहेत," मी म्हटलं. "घाबरू नकोस. त्या दिवशी काय ऐकलंस?"

"कुणीतरी थांबा म्हणून ओरडलं. मग थोडं बोलणं, मग तो आवाज. समितीने लिहून घेतलंय, काकाच ओरडले म्हणून."

"नेमके शब्द सांग."

तो घुटमळला. "'काका, थांबा.' असे."

"म्हणजे काकांनी स्वतःलाच काका म्हणून हाक मारली?"

मी ओंडक्यावरचा चौकोन दाखवला. "एवढ्या मापाचा तुकडा कापून दिला होतास का कोणाला?"

"सोमवारी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "उंची अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर, अर्धासुद्धा कमी-जास्त नको म्हणाले. इथं आम्ही बोटांनी मापं सांगतो, म्हणून लक्षात राहिलं. मी विचारलं, एवढं काटेकोर कशाला? तर म्हणाले, पेपरवेटला."

माझ्या बोटांना अजून तेलाचा वास येत होता.

"कोण म्हणालं?"

"बाई, दुसऱ्या कुणीही विचारलं तर सांगेन," तो म्हणाला. "तुम्ही नका विचारू."

४

कँटीनची घंटा झाल्यावर मी पुन्हा वर गेले. भाचा जागेवर नव्हता. पर्समधली पट्टी काढून ठोकळ्याला लावली. अठ्ठ्याहत्तर.

त्याच्याच खुर्चीत बसले आणि अहवालाच्या पाठीमागे गणित मांडायला घेतलं.

दोन टेकूंवर तुळई ठेवली तर त्या दोघांनी मिळून सगळा भार उचलायलाच हवा. एक किलो कमी नाही, एक जास्त नाही. काका म्हणत होते की बेरीज कमी येतेय. काटे दोन होते, आणि दोन्ही काटे एकाच दिवशी सारखे बिघडत नाहीत. बेरीज कमी, म्हणजे उरलेला भार तिसरं कोणीतरी उचलत होतं. शंभरच्या फटीत अठ्ठ्याहत्तरचा ठोकळा ठेवला की बावीस उरतात. तुळई बावीस मिलिमीटर वाकून ठोकळ्यावर टेकली आणि तिथेच थांबली. नियमात चोवीसपर्यंत चालतं. चाचणी पास.

काका तळहातावर फक्त न जुळणारे आकडे लिहायचे, हे मला आत्ता आठवलं. ४७५० म्हणजे बारा हजारांतून हरवलेला भार.

हे एकदा कळलं की बाकी सगळं उलट्या वाटेने सापडतं. तुळई मधल्या टेकूला लागली की त्यानंतर चढणाऱ्या भाराच्या आठ भागांतले पाच भाग एकटा मधला टेकू घेतो. पाच भाग म्हणजे ४७५०, तर आठ भाग म्हणजे ७६००. बारा हजारांतून ते वजा केले की राहिले ४४००. म्हणजे अवघ्या चार हजार चारशे किलोंनाच तुळई बावीस मिलिमीटर वाकली होती. हजार किलोला पाच. ठोकळा नसता तर बारा हजारांना साठ वाकली असती.

साठ! भाच्याच्या गणितात बारा होते.

बाराचे साठ म्हणजे बरोबर पाचपट. आमच्या धंद्यात हा पाचाचा आकडा लगेच ओळखू येतो. तुळईची टोकं भिंतीत जखडलेली असली तर ती जेवढी वाकते, त्याच्या पाचपट ती नुसती टेकलेली असताना वाकते. मी नकाशा उलगडला. टोकांच्या बोल्टांना लांबट भोकं होती, उन्हाने तुळई वाढली तर तिला सरकायला जागा म्हणून. अशी टोकं काही जखडलेली नसतात, ती टेकलेलीच असतात. गणित मांडणाऱ्याने ती जखडलेली धरली होती.

अशी चूक कोणाच्याही हातून होते, म्हणून तर तपासणारा ठेवतात. टोकांची बाब गणिताच्या नवव्या पानावर येते. मी घरी फोन केला, शेजारणीला किल्ली घेऊन आत पाठवलं, टेबलावरची फाइल उघडायला लावली.

"नववं पान," मी म्हटलं. "वरच्या ओळीत 'दोन्ही टोकं जखडलेली' असं लिहिलंय?"

"हो, लिहिलंय," शेजारीण म्हणाली. "आणि त्याच्यापुढे तुमची लाल खूण आहे."

५

भाचा दारात उभा होता. टेबलावरची पट्टी आणि ठोकळा त्याने पाहिला. खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. तेवढं तरी मी त्याला शिकवलं होतं.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"शुक्रवारी. भोकांचा नकाशा पुन्हा पाहिला तेव्हा. तीन वेळा करून बघितलं मावशी. साठच येत होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझी खूण होती त्यावर." तो खाली बसला. "तीस वर्षांत तुझी एक खूण चुकली नाही असं सगळे म्हणतात. ती माझ्या गणितावर चुकली. चाचणी निघून गेली की मी मजबुतीला खालून लोखंडी पट्ट्या जोडून घेणार होतो, सहाच्या सहा तुळयांना. मालकांना दुसरं काहीतरी कारण सांगून. फक्त एक दिवस निभावायचा होता."

"आणि काटे?"

"काटे माझ्या लक्षातच नव्हते. नियम वाक विचारतो. टेकूवरचा भार कोण विचारतं?"

काटेकाका विचारायचे. कोणी सांगितलेलं नसताना, तीस वर्षं.

"सकाळी काकांनी फट तपासल्यावर ते मापक लावायला गेले, तेव्हा मी ठोकळा सरकवला," तो सांगत होता. "सुट्टीत काढायला आलो तर ते बॅटरी घेऊन खाली वाकत होते. मी ओरडलो. ते थांबले, माझ्याकडे बघून हसले, काहीतरी म्हणाले आणि आत शिरले. ओंडका जरा कललेला होता, ठोकळ्याला तेल होतं. त्यांनी नुसतं बोट लावलं असेल. साबणाच्या वडीसारखा निसटला. मावशी, मी त्यांना ओढायला गेलो होतो. खरंच गेलो होतो."

"आणि नंतर ठोकळा उचललास, पान फाडलंस, आणि काटेकाकांच्या नावावर खोटा तक्ता लिहिलास."

तो रडायला लागला. लहानपणी रडायचा तसाच, तोंडावर दोन्ही हात घेऊन. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी कानाखाली वाजवावीशी वाटली. मी दोन्ही केलं नाही.

या भाच्याचं पान होतं म्हणून मी नवव्या पानावर थांबले नव्हते. दुसऱ्या कोणाचं असतं तर टोकांचा नकाशा मागवला असता. हे मला खुर्चीत बसल्या बसल्या कळून चुकलं होतं.

"काका काय म्हणाले?" मी विचारलं. "आत शिरण्याआधी."

"ते नको विचारूस."

"सांग."

त्याने सांगितलं. मी फोन उचलून मालकांना सांगितलं की शनिवारी काहीही चढणार नाही, आणि समितीला वर बोलवा.

६

समितीसमोर मी सगळं लिहून दिलं. पहिला दोष तपासणाऱ्याचा, म्हणून माझं नाव पहिलं. दुसरं भाच्याचं. बेरीज चुकतेय हे ऐकूनही पुढे चला म्हणणाऱ्या मालकांचं तिसरं. मालकांनी कानावर हात ठेवून पाहिले, पण वेल्डरने या वेळी तोंड उघडलं. पोलीस भाच्याला घेऊन गेले तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं नाही. मीही खिडकीपाशी गेले नाही.

संध्याकाळी मी काटेकाकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. दोन खोल्या, भिंतीवर काकांच्या हातची एक पट्टी, तिच्यावर मुलीची उंची वर्षावर्षाला खुणा करून मोजलेली. मुलगी लग्न होऊन गेली तरी त्या खुणा तशाच होत्या.

मी चिटोरा टेबलावर ठेवला.

"हे वजन आहे काकू. बारा हजारांतलं हे एवढं हरवलं होतं. कोणीतरी चोरून टेकू लावला होता. त्या शेडमध्ये एवढे लोक होते, पण ते फक्त काकांच्या लक्षात आलं. ते शोधायला ते खाली गेले. त्यांनी शोधलं नसतं तर त्या तुळया शाळेसमोर चढल्या असत्या, पोरं रोज त्यावरून गेली असती. हलगर्जीपणाचं वाक्य समितीने खोडलंय. उद्या कारखान्यात वाचून दाखवतील."

काकूंनी चिटोरा उचलला, पाहिला, पुन्हा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"चला," त्या म्हणाल्या. "मूर्ख तरी नव्हते." मग थोड्या वेळाने, "पण बाई, शोधायला गेले हे खरं. तरी भार न उतरवता गेले कसे? हे नियम मोडणारे नव्हते. कुणी सोबत होतं का? शेवटचं काही बोलले का?"

मला सांगता आलं असतं की माहीत नाही. ती बाई माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसली असती. खरं सांगायचं तर जिना चढताना मी तसंच ठरवलं होतं.

"माझ्या भाच्याने त्यांना थांबा म्हटलं होतं," मी म्हणाले. "ते हसले. म्हणाले, 'अरे, तुझ्या मावशीची लाल खूण आहे या तुळईवर. ही कुठे कोसळतेय?' आणि आत गेले."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी बराच वेळ तिथेच बसून होते. पर्समध्ये पेन्सिल होती, ती काढून त्या चिटोऱ्याशेजारी ठेवली आणि बाहेर पडले.